टीम १३ जणांची, पण प्रत्येक फाइल फिरून माझ्याच टेबलावर. काय बदलू?

फाइलवाला:
नमस्कार मंडळी. कस्टम्स क्लिअरिंगचं (बाहेरून आलेला माल कस्टम्समधून सोडवून देण्याचं) ऑफिस, फोर्टात. दोन महिन्यांपूर्वी इम्पोर्टची टीम माझ्याकडे आली. त्याआधी याच टीममध्ये डॉक्युमेंटेशनला होतो. एकूण १३ जण: डॉक्युमेंटेशन ५, कोऑर्डिनेशन म्हणजे पार्ट्यांशी (माल मागवणाऱ्या ग्राहकांशी) बोलणारे २, फील्ड ४ (तिघं न्हावा शेवा बंदरात, एक सहार विमानतळाच्या एअर कार्गोत) आणि बिलिंग २. महिन्याला साधारण २७० जॉब.

अडचणी अशा. पार्टीचा फोन आला की माल कुठे अडलाय हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही, शेवटी मलाच विचारतात. केमिकलच्या फाइली फक्त एका सीनियरला जमतात, आणि ते रजेवर गेले की काम ठप्प. डॉक्युमेंटेशनमधले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, मधे मी निरोप्या. सकाळची मीटिंग ४५ मिनिटं चालते आणि त्यातून काही निघत नाही. मॅनेजमेंट म्हणतं सगळ्यांना कर्जतला रिसॉर्टवर न्या, ६० हजार मंजूर आहेत, टीम बांधली जाईल. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. जाणकारांनी सांगावं.

गोदीकर:
'टीममध्ये एकी नाही' असं निदान एवढ्यात करू नका. तुम्ही लिहिलंय त्यात बेबनावाचा भाग चार आणे, बाकी बारा आणे म्हणजे फाइलला धनी नाही.

प्री-अलर्ट (माल येतोय अशी आगाऊ सूचना) येऊन जॉब नंबर पडला की त्याच क्षणी त्यावर एका माणसाचं नाव चढलं पाहिजे. तो धनी. सगळं काम त्याने करायचं नाही. पण फाइल आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे, पुढचं पाऊल कुणाचं आणि ते कधीपर्यंत, या तीन प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे हवीत. गेट आउट होऊन (माल बाहेर पडून) सगळ्या पावत्यांसकट फाइल बिलिंगला जाईपर्यंत नाव तेच राहतं. तुमचे डॉक्युमेंटेशनचे पाच जण धनी धरले तर महिन्याला प्रत्येकी ५४ जॉब. एक जॉब सरासरी आठ दिवस उघडा राहतो असं धरलं, तर एका वेळी १४-१५ फाइली एकाच्या नावावर. एवढ्या डोक्यात राहतात. पंचवीसच्या वर गेल्या की राहत नाहीत, आणि मग माणूस 'बघून सांगतो' म्हणायला लागतो.

रजिस्टर ऑनलाइन शीटमध्ये ठेवा, कॉलम पाचच: जॉब नंबर, धनी, टप्पा, पुढचं पाऊल कुणाकडे, कधीपर्यंत. वाढवायचा मोह होईल, आवरा. बावीस कॉलमची शीट पहिला आठवडा भरली जाते, मग कुणी उघडतही नाही. चौथ्या कॉलममध्ये लोक 'फील्ड', 'अकाउंट्स', 'पार्टी' असं लिहितात आणि सगळी व्यवस्था तिथेच बसते. तिथे माणसाचंच नाव हवं. चेकलिस्ट (कस्टम्सला भरायच्या कागदाचा मसुदा) अप्रूव्हलसाठी पार्टीकडे पडली असेल, तर पार्टीच्या मागे लागणाऱ्याचं नाव.

फाइल एकाकडून दुसऱ्याकडे देताना देणारा मोकळा होतो ते घेणाऱ्याने 'घेतली' म्हटल्यावर. टेबलावर ठेवली, मेल टाकला, ग्रुपवर लिहिलं, यातलं काहीही म्हणजे देणं नव्हे. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'डीओचं कोणीतरी बघा रे' असे मेसेज पडत असणार (डीओ म्हणजे माल द्यायचा शिपिंग लाइनचा आदेश). तेरा जण वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. दोर ओढायला माणसं वाढवत नेली की दर माणसाचा जोर कमी होतो, हे रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्याने १९१३ साली मोजून छापलंय. तिथे दोर होता, इथे ग्रुप आहे. मेसेज नावानिशीच टाकायचा असा नियम करा. बिननावी मेसेजला तुम्ही स्वतः उत्तर देणं बंद केलंत तर पंधरा दिवसांत तो बंद होतो. तुम्ही उत्तर देताय म्हणूनच तर लोक टाकतायत.

हे सगळं हवं कशासाठी, तेही टीमला पैशात दाखवा. समुद्राने येणाऱ्या बहुतेक मालाचं बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचं मालाचं विवरणपत्र) जहाज लागायच्या आदल्या दिवसाअखेर भरावं लागतं. चुकलं तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि चौथ्या दिवसापासून रोज १० हजार. पाच दिवस उशीर म्हणजे ३५ हजार, आणि डिटेन्शन-डिमरेज (कंटेनर आणि माल पडून राहिल्याचा आकार) वेगळं. भरता तर ३० दिवस आधीही येतं! म्हणजे असा उशीर कामाच्या ओझ्यापेक्षा बहुधा धनी नसल्यामुळे होतो.

नऊ_सहा_स्लो:
गोदीकरांशी सहमत, एक पुरवणी. १३ जणांत दोघादोघांच्या जोड्या काढल्या तर ७८ होतात. ७८ ठिकाणी निरोप हरवू शकतो. म्हणून पार्ट्या वाटून डॉक्युमेंटेशन आणि कोऑर्डिनेशन मिळून दोन गट करा. एकात डॉक्युमेंटेशनचे तीन आणि कोऑर्डिनेशनचा एक, दुसऱ्यात दोन आणि एक. न बोलणारे दोघं वेगवेगळ्या गटांत. (हे पळवाट वाटेल. अर्धी आहेच, पण उरलेल्या अर्ध्याने खरंच काम भागतं.)

फील्ड मात्र गटांत वाटू नका. न्हावा शेव्याचे तिघं दोन गटांत वाटले की एक जण आजारी पडताच एका गटाचे कंटेनर पडून राहतात आणि दुसऱ्या गटाचा माणूस 'ते आमचं नाही' म्हणतो. तिघांची एकच रांग, आणि रोज संध्याकाळी साडेपाचला उद्याचा क्रम त्यांच्यातलाच एक जण लावेल. तो दर आठवड्याला बदला.

डबेवाल्यांचं उदाहरण मुंबईत इतक्या वेळा दिलं जातं की कंटाळा येतो. आणि सगळे सांगतात डब्यावरच्या खुणांबद्दल. तुम्हाला कामाची गोष्ट दुसरीच: त्यांच्या गटांत थोडी माणसं जास्तीची धरलेली असतात, कुणी आलं नाही तर लाइन सांभाळायला. तुमच्याकडे जास्तीचा माणूस मिळणार नाही, पण बिलिंगमधल्या एकाला सहारचं काम शिकवून ठेवता येईल. त्याचा पास आणि कार्ड आत्ताच करून घ्या, गरज पडेल त्या दिवशी होत नाही.

मीटिंगचं म्हणाल तर दहा मिनिटं, उभ्याने, १०:४५ ला. साडेदहा ठेवलीत तर कल्याण-विरारची गाडी लेट झाली की निम्मे नसतात आणि तुम्ही त्यांच्यासाठी थांबता. थांबायचं नाही. प्रत्येकाने 'काल काय केलं' सांगायचं नाही, तिथेच तुमची ४५ मिनिटं जातायत. शीट उघडायची, मुदत उलटलेल्या फाइलीच वाचायच्या. प्रत्येकीला एक वाक्य: कुठे अडली, कोण सोडवणार, कधी. वाद सुरू झाला की त्या दोघांना नंतर बसायला सांगा, अकरा जणांना उभं ठेवून वाद ऐकवू नका.

लेजरताई:
मी फक्त सीनियरांच्या मुद्द्यावर लिहिते, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच गाडी घसरवतात.

आधी तक्ता करा. आडवी कामं, उभी माणसं. कामं मोघम नकोत. 'डॉक्युमेंटेशन' हे काम नव्हे. केमिकलचं वर्गीकरण आणि एचएस कोड (ड्यूटी ठरवणारा मालाचा नंबर), अँटी-डंपिंग (फार स्वस्तात आलेल्या मालावरची जादा ड्यूटी) लागते का ते बघणं, लायसन्सवरची फाइल, कस्टम्सच्या क्वेरीला उत्तर, एफएसएसएआयची (खाद्यपदार्थांच्या परवानगीची) फाइल, अशी बारा-पंधरा कामं निघतील. गुण ० ते ३: शून्य म्हणजे येत नाही, १ म्हणजे कुणी शेजारी असेल तर येतं, २ म्हणजे एकट्याने जमतं, ३ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. गुण ज्याचे त्याने भरायचे नाहीत. लाजाळू माणूस १ लिहितो, दुसरा बिनधास्त ३. मागच्या महिन्याच्या फाइली काढून कुणी खरोखर एकट्याने केल्यात ते बघून भरा. प्रत्येक कामाच्या रकान्यात निदान दोन जण २ किंवा ३ वाले हवेत. जिथे एकच आहे ते घर लाल करा. तुमचं केमिकल लाल निघणारच, पण मला वाटतं अजून दोन-तीन घरं निघतील जी आत्ता तुम्हाला दिसत नाहीत. बहुतेक बिलिंगमध्ये.

आता सीनियर. त्यांना 'सगळं लिहून काढा' म्हणू नका. एक तर त्यांना लिहायचा कंटाळा, आणि दुसरं म्हणजे त्या ज्ञानावरच त्यांचा मान टिकून आहे, ते काढून घेताय असंच त्यांना वाटणार. उलट करा. ज्युनिअर शेजारी बसून लिहील, ते तपासतील. चार पायऱ्यांची जुनी पद्धत आहे, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांसाठी बसवलेली, आजही तशीच चालते. शिकणाऱ्याला आधी काय येतं ते विचारा. करून दाखवा, आणि हे असंच का करायचं तेही सांगा. मग त्याच्याकडून करून घ्या, पण करताना तो तोंडाने बोलला पाहिजे. मग एकटं सोडा आणि ठरल्या वेळी तपासा. तिसरी पायरी सगळे गाळतात. माणूस मान डोलावतो, आपल्याला वाटतं समजलं. 'हा पदार्थ कस्टम्स टॅरिफच्या २९ व्या प्रकरणात का आणि ३८ व्यात का नाही?' हे त्याला मोठ्याने सांगता आलं तरच समजलं. २९ मध्ये साधारणपणे सुटी, निश्चित रचनेची सेंद्रिय संयुगं येतात, आणि मिश्रण झालं की बहुधा ३८ बघावं लागतं. नेमका हाच फरक ज्युनिअर नाव वाचून ठरवतो. सप्लायरची तांत्रिक माहितीची शीट तो उघडतच नाही. घोळ होतो तो तिथे.

आठवड्यातून दोन वेळा ४५ मिनिटं, सहा आठवडे. सकाळी, फाइलिंगची घाई सुरू व्हायच्या आत. मार्चअखेरीला हे सुरू करू नका. सहा आठवड्यांनी सीनियरांना तीन दिवस सुट्टी द्या, फोन बंद. जे अडेल ते लिहून ठेवा. तीच पुढच्या सहा आठवड्यांची यादी. आणि शिकवण्याचं काम त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात लेखी धरलं जाईल हे एचआरकडून आधीच मंजूर करून घ्या. नुसत्या 'तुम्ही आमचे गुरू'वर माणूस दोन आठवडे चालतो.

रजांबद्दल. गणपतीत तुमचे कोकणातले किती जण एकदम जातात ते माहीत असेलच. ती रजा ऑगस्टमध्ये ठरवून उपयोग नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे १२ तारखेला निघणाऱ्याची तिकिटं १४ जुलैला उघडणार. रजेचा तक्ता जुलैच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवर लागला पाहिजे. नंतर नकार दिलात तर हातात कन्फर्म तिकीट असलेल्या माणसाला नकार देताय, आणि तो वर्षभर लक्षात ठेवणार.

साधा_सुपरवायझर:
इतरांनी कामाची मांडणी सांगितली, मी बोलण्याचं सांगतो. कालपर्यंत एकत्र डबा खाणाऱ्यांचा साहेब होणं अवघडच. दोन चुका ठरलेल्या: एक तर सगळ्यांशी एकदम 'अहो' सुरू होतं, नाहीतर काहीच बदललं नाही असं भासवलं जातं. ज्यांना अरे-तुरे करत होतात त्यांना तेच ठेवा. वयाने मोठ्यांना अहो. डबाही एकत्र खा. पण डबा खाताना कुणाच्या कामाबद्दल शब्द काढायचा नाही, ना चांगला ना वाईट.

प्रत्येकाशी पंधरा दिवसांतून एकदा २० मिनिटं, एकट्याने. १३ जण म्हणजे आठवड्याला सहा-सात, साधारण सव्वादोन तास. वेळ नाही म्हणू नका, तुम्ही आत्ता रोज त्याहून जास्त निरोप पोचवताय. केबिन नको, खाली चहाच्या टपरीपर्यंत चालत जा. विचारायचं एवढंच: कुठल्या कामात फुकट वेळ जातो, माझ्याकडून काय अडकलंय, आणि काय शिकायचंय. बोलला ते परत येऊन दोन ओळींत लिहून ठेवा. पहिल्या फेरीत प्रत्येकाची एक तरी छोटी गोष्ट आठवडाभरात करून द्या. स्कॅनरची वायर असेल, फील्डवाल्याच्या टॅक्सीचं अडकलेलं बिल असेल. हे झालं नाही तर दुसऱ्या फेरीत 'सगळं ठीक आहे सर' यापलीकडे काही ऐकायला मिळणार नाही.

चूक दाखवताना माणसाबद्दल नाही, कागदाबद्दल बोला. 'तुझं लक्ष नसतं' याला उत्तर फक्त भांडण. 'मंगळवारच्या तीन चेकलिस्टमध्ये इन्व्हॉइस सीआयएफ होतं तरी फ्रेट पुन्हा मिळवलंय, तिन्ही एकाच सप्लायरच्या' (सीआयएफ म्हणजे भाडं आणि विमा आधीच धरलेली किंमत) असं म्हटलं की त्याला कागद बघावाच लागतो. बऱ्याचदा कळतं की जुन्या जॉबची कॉपी काढून भरल्यामुळे ते झालं. मग उपाय कॉपी बंद करणं, बोलणी देणं नव्हे.

न बोलणाऱ्या दोघांना एकमेकांशी हात मिळवायला लावू नका. मैत्री हे काही त्यांच्या कामाच्या यादीत नाही. आधी दोघांना वेगवेगळं विचारा, शेवटचा खटका कुठल्या फाइलवर उडाला. शंभरात ऐंशी वेळा हद्दीचं भांडण निघतं: दुरुस्ती कुणी करायची, पार्टीला चूक कुणाची म्हणून सांगितलं. (ऐंशी हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.) मग तिघांनी अर्धा तास बसून फक्त देवाणघेवाणीचे मुद्दे लिहायचे, कोणत्या टप्प्याला कोण काय कुणाला देणार. तुम्ही निरोप्या होणं त्याच दिवशी थांबवा. 'त्याला सांगा' म्हटलं की 'तूच सांग, मी इथे उभा आहे.'

एक अपवाद. भांडणामागे लैंगिक छळाचा संशय जरी आला तरी समेट घडवत बसू नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि तक्रार तिथेच जाते. साधारण मुदत घटनेपासून तीन महिन्यांची. तुमच्या 'जाऊ दे, मी बोलतो'मध्ये ती मुदत निघून जाते.

कटिंग_चहा:
कर्जतबद्दल थोडक्यात: आत्ता नको. न बोलणारे दोघं तिथे वेगवेगळ्या खोल्यांत बसतील आणि सोमवारी फाइल तिथेच असेल. शिवाय रविवारी नेणार आणि मेगाब्लॉक असणार. ६० हजारांत डॉक्युमेंटेशनच्या पाचही जणांना दुसरा मॉनिटर येतो, इन्व्हॉइस एका स्क्रीनवर आणि चेकलिस्ट दुसऱ्यावर. टाइपिंगच्या चुका तिथेच निम्म्या होतील. उरलेल्या पैशांत कामाच्या दिवशी दुपारचं जेवण, फील्डवाल्यांना सोयीचं पडेल अशा जागी, म्हणजे बेलापूरला. ते कायम फोर्टला येतात, एकदा फोर्टवाल्यांनी जावं.

फाइलवाला:
सगळ्यांचे आभार. मॉनिटरचं मॅनेजमेंटला विचारतो. धन्याचं रजिस्टर सोमवारपासून. दोन शंका. फील्डची मुलं शीट भरणार नाहीत. पावसात गेटवर एका हातात फाइल, दुसऱ्यात छत्री. आणि मॅनेजमेंट आता म्हणतंय, आउटिंग नको तर तीन माणसं वाढवून देतो, लगेच. घेऊ का?

गोदीकर:
फील्डने शीट भरायचीच नाही. ती धन्याने भरायची. फील्डने धन्याला जॉब नंबर आणि ठरलेला एकच शब्द पाठवायचा: 'तपासणी', 'ओओसी' (आउट ऑफ चार्ज, म्हणजे कस्टम्सने माल सोडला), 'डीओ', 'गेट'. अडलं तर 'अडलं' आणि वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज. डीओ आणि गेटपासचा फोटो, सरळ धरून, नंबर वाचता येईल असा. याहून शब्द वाढवू नका. आणि धन्याने तासाभरात 'घेतली' म्हणून उत्तर दिलंच पाहिजे, नाहीतर फील्डची मुलं चौथ्या दिवशी पाठवणं बंद करतील. चूक त्यांची नसते.

संध्याकाळी जाताना धन्याची नोंद कशी असावी ते लिहून दाखवतो. 'जॉब ४१२, पार्टीला चेकलिस्ट पाठवली आहे, फॉलोअप सुरू' ही नोंद निरुपयोगी. 'जॉब ४१२. चेकलिस्टची दुसरी प्रत पार्टीला ५:१० ला गेली. पहिली रद्द, वजन चुकलं होतं. उत्तर नाही. उद्या ११ पर्यंत आलं नाही तर मी फोन करेन. डीओचे पैसे भरलेले नाहीत. जहाज गुरुवारी' ही चालते. 'दुसरी प्रत' हे शब्द नसले की पार्टी पहिल्या प्रतीला 'ओके' म्हणते, आपण दुसरी भरतो, आणि मग दुरुस्तीच्या अर्जामागे धावायचं.

ओरिजिनल कागद फोर्टहून न्यायचे असतील तर एक लक्षात ठेवा: अटल सेतूवर दुचाकी चालत नाही. बाइकवाल्या मुलाला 'पुलावरून ये' सांगणारे अजून आहेत. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल जाते, न्हावा शेवा स्टेशन आहे. पावसात तोच भरवशाचा रस्ता, पण गाड्या मोजक्या आहेत, वेळापत्रक टेबलाच्या काचेखाली ठेवा.

लेजरताई:
माणसांबद्दल. तीन एकदम घेऊ नका. उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी लांबतं, हे फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये सॉफ्टवेअरबद्दल लिहिलं होतं, पण कारण इथेही तेच लागू पडतं: नव्याला शिकवायला जुनाच बसतो. तुमचे केमिकलवाले सीनियर आत्ताच एकाला शिकवायला बसणार आहेत, त्यात तिघांची भर टाकलीत तर ते कुणालाच धड शिकवणार नाहीत. एक घ्या. तोही तक्त्यातली लाल घरं बघून, 'अनुभवी डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह' अशी जाहिरात देऊन नव्हे. पहिले दोन आठवडे त्याच्या नावावर एकही फाइल नको, तिसऱ्या आठवड्यात पाच.

मोजायचं असेल तर तीनच आकडे: शंभरातल्या किती चेकलिस्ट पहिल्या फटक्यात बरोबर गेल्या, किती फाइलींवर धन्याचं नाव नाही, आणि दिवसाला तुम्हाला किती जण 'फाइल कुठे आहे' विचारतात. तिसऱ्यासाठी टेबलावर कागद, प्रत्येक विचारण्याला एक रेघ. हे आकडे टीमचे, माणसांचे नाहीत. 'महिन्यातल्या सर्वात कमी चुका' असं बक्षीस ठेवलंत की चुका कमी होत नाहीत, सांगणं कमी होतं. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका उलट जास्त निघाल्या होत्या, कारण तिथे लोक उघड बोलत. म्हणून पहिल्या महिन्यात तुमच्या वहीतल्या चुका वाढल्या तर मॅनेजमेंटला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो आलेख बघून कुणीतरी पुन्हा कर्जतचं बुकिंग करेल.

कटिंग_चहा:
😄 आणि त्या रेघांच्या कागदावर विचारणाऱ्याचं नाव लिहू नका. लिहिलंत की दुसऱ्या दिवशी रेघा शून्य, आणि सगळे तुमच्याऐवजी प्यूनला विचारायला लागतील.